सोयादुधाच्या चोथ्याची मोकळी भुर्जी

घरी सोयादूध काढल्यावर फडक्यात उरलेला चोथा घट्ट पिळून घ्या, नाहीतर भुर्जीचा गोळा होतो. दूध उकळण्याआधी गाळलं असेल तर चोथा कच्चाच असतो; नीट शिजला नाही तर पोट बिघडतं. म्हणून वाटीभर चोथा आधी कोरड्या कढईत मंद आचेवर ८-१० मिनिटं परता. उग्र कच्चट वास गेला आणि उलथन्याला चिकटायचा थांबून रवाळ झाला, की काढा.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, मिरची, हळद, वाटीभर कांदा. कांद्यात कंजुषी नको, चोथ्याला स्वतःची चव फारशी नसते. कांदा गुलाबी झाल्यावर चोथा, तिखट, मीठ घालून पाण्याचा हबका मारा आणि पाच मिनिटं झाका. लिंबू गॅस बंद केल्यावरच. चोथा लवकर आंबतो; त्याच दिवशी करायचा नसेल तर फ्रीझरमध्ये टाका.