व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर टाकताना आणि काढताना या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक. तो चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स काय किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन काय, दिसायला इतर प्रोग्रॅमसारखेच: सेटअप फाइल, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पण हे सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या खास सुविधा मागतं, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर बसवतं आणि नेटवर्क कार्डावर आपला फिल्टर चढवतं. त्यामुळे नवं व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल, तर दोष बहुधा गेस्टमध्ये (आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) नसून होस्टमध्ये (तुमच्या खऱ्या संगणकात) असतो. गेस्ट पुन:पुन्हा टाकून वेळ घालवू नका.

बायोस न बघताच सुरुवात करणं

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सखाली सीपीयू निवडा. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ दिसत असेल तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणारी मूळ सेटिंग्ज. इंटेलच्या मशीनवर व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम मोड अशा नावाची नोंद असते. ती बहुतेकदा अॅडव्हान्स्ड किंवा सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये सापडते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्टच्या यादीत फक्त ३२-बिट आवृत्त्या दिसणं, हेही याच दुखण्याचं जुनं लक्षण.

एक गोष्ट मात्र बायोसला हात लावण्याआधी करा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा. बायोसमधला बदल बिटलॉकरला संशयास्पद वाटू शकतो. मग पुढच्या बूटला तो ४८ अंकी की मागतो, आणि ती नसेल तर डेटा कुलूपबंद.

हायपर-व्ही मागे चालू आहे हे लक्षात न येणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा एका वेळी एकाच हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराच्या, ताब्यात राहते. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, हायपर-व्ही, बूट होतानाच तिचा ताबा घेतो, आणि मग इतरांना त्याच्या मार्फत काम करावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्सला ६.० पासून आणि वर्कस्टेशनला १५.५.५ पासून हे जमतं, पण वेग पडतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा की हाच प्रकार आहे.

‘मी हायपर-व्ही टाकलंच नाही’ असं अनेक जण म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी सोय), विंडोज सँडबॉक्स, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, हे सगळे त्याच हायपरवायझरवर उभे असतात. नव्या विंडोज ११ मशीनवर मेमरी इंटिग्रिटी बऱ्याचदा आधीपासूनच चालू येते. खात्रीसाठी सिस्टिम इन्फर्मेशन उघडून तळाशी बघा: हायपरवायझर सापडल्याची ओळ असेल तर तो चालू आहे.

बंद करायचं असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मधून वरची फीचर्स काढा, विंडोज सिक्युरिटीतून मेमरी इंटिग्रिटी बंद करा. तरीही ओळ जात नसेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या बूट सेटिंग बदलणाऱ्या कमांडने हायपरवायझर-लाँच-टाइपचं मूल्य ऑफ करा. मग रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल नव्याने लोड होतच नाही.

हे फुकट मिळत नाही. डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारं डॉकर डेस्कटॉप (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) बंद पडेल, आणि मेमरी इंटिग्रिटी काढली की सुरक्षेचा एक थर जातो. रोज डॉकर लागत असेल तर आमचं मत सरळ आहे: कासव सहन करा, नाहीतर थेट हायपर-व्हीच वापरा.

सेटअप चालवताना

इन्स्टॉल होताना नेटवर्क काही क्षण तुटतं, कारण गेस्टला तुमच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज ड्रायव्हर बसत असतो. मोठं डाउनलोड किंवा रिमोट डेस्कटॉप चालू असताना सेटअप चालवू नका. व्हर्च्युअलबॉक्स ७ ला मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल आधी लागतं. ते नसेल तर सेटअप पुढे सरकत नाही. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच राहू द्या, जागा वाचवायची तर व्हर्च्युअल मशीनचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्या, कारण खरी जागा तेच खातं.

एक्स्टेन्शन पॅकची, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या जादा सुविधांच्या वेगळ्या पॅकेजची, आवृत्ती मूळ प्रोग्रॅमशी जुळलीच पाहिजे. शिवाय मूळ व्हर्च्युअलबॉक्स मुक्त परवान्याखाली असला तरी एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा आहे. ऑफिसच्या मशीनवर तो सरसकट टाकू नका.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नल मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर) तुमच्याच मशीनवर तयार होतं. त्यासाठी जीसीसी आणि मेक ही प्रोग्रॅम बनवणारी साधनं आणि चालू कर्नलच्या नेमक्या हेडर फाइल्स हव्यात. डीकेएमएसही टाका, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बनेल. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो: सहीसाठी किल्ली (की) तयार करून रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ती नोंदवावी लागते, आणि तो पडदा घाईत एंटर दाबून घालवला की सगळं मुसळ केरात. यूएसबी गेस्टला दिसत नसेल तर तुमचा युजर ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात आहे का बघा. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर) मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची सुविधा धरून बसतं. व्हर्च्युअलबॉक्स सुरू करण्याआधी ते अनलोड करावं लागू शकतं.

मॅकवर अॅपल सिलिकॉन (अॅपलचा स्वतःचा, एआरएम प्रकारचा प्रोसेसर) असेल तर इंटेल-एएमडीसाठीची विंडोज आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल डिस्कची फाइल, चालणार नाही. एआरएमची आयएसओ घ्या.

घाईने अनइन्स्टॉल

इथली चूक सर्वांत महाग पडते, कारण ती दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअर काढलं म्हणजे व्हर्च्युअल मशीन पुसली जात नाहीत. ती व्हर्च्युअलबॉक्सच्या बाबतीत होम फोल्डरमध्ये आणि व्हीएमवेअरच्या बाबतीत डॉक्युमेंट्समध्ये तशीच राहतात. लोक दोन्ही बाजूंनी चुकतात: काहींची ८० जीबी जागा उगाच अडून राहते, काही जण आधी ‘डिलीट ऑल फाइल्स’ दाबतात आणि नंतर आतला डेटा आठवतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यादीतून काढताना ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडलं तर फाइल्स शाबूत राहतात.

क्रम असा ठेवा. प्रत्येक गेस्ट आतून नीट शटडाउन करा. सेव्ह किंवा सस्पेंड करून सोडू नका, कारण साठवलेली स्थिती दुसऱ्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. मग अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ओव्हीए एक्स्पोर्टमध्ये (अख्खं मशीन एका फाइलमध्ये बांधण्याच्या पर्यायात) स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थिती, येत नाहीत, फक्त सध्याची स्थिती येते. डिस्क फाइल फोल्डरच्या बाहेर ठेवली होती का, हेही तपासा. जागा हवी म्हणून स्नॅपशॉट्सच्या फोल्डरमधल्या फाइल्स हाताने उडवू नका: त्या मूळ डिस्कवरचे फरक असतात, साखळीतली एक कडी गेली की मशीन उघडत नाही. दुसरीकडे व्हीएमवेअरमध्ये कॉपी उघडताना ‘मूव्ह्ड’ की ‘कॉपीड’ असं विचारलं तर, जुनंच मशीन हलवलं असेल तेव्हा ‘मूव्ह्ड’ सांगा. म्हणजे मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलत नाही.

अनइन्स्टॉल अडलं तर टास्क मॅनेजरमध्ये व्हीबॉक्सएसव्हीसी ही व्हर्च्युअलबॉक्सची मागे चालणारी प्रोसेस अजून चालू आहे का पाहा, असेल तर बंद करा. प्रोग्रॅमचं फोल्डर हाताने डिलीट करणं टाळा. ड्रायव्हर मागे राहतात आणि अनइन्स्टॉलरही जातो. तसं झालंच असेल तर तीच आवृत्ती पुन्हा टाकून मग रीतसर काढा. मॅकवर अॅप ट्रॅशमध्ये टाकून भागत नाही, डाउनलोड केलेल्या डीएमजी फाइलमधलं अनइन्स्टॉल टूल चालवा. लिनक्सवर डिस्ट्रोचं पॅकेज आणि ओरॅकलची रन फाइल एकावर एक टाकली असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने काढावी लागतील.

काढल्यावर इंटरनेट गेलं, तर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ब्रिज ड्रायव्हर उरलाय का बघा आणि तो निवडून अनइन्स्टॉल करा. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवली की होस्ट-ओन्ली (व्हर्च्युअलबॉक्सची) किंवा व्हीएमनेटची (व्हीएमवेअरची) जुनी व्हर्च्युअल नेटवर्क अडॅप्टर्सही सापडतात. नेटवर्क रिसेट हा शेवटचा उपाय, कारण त्यानंतर व्हीपीएनचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागू शकतं. आणि मघाशी हायपरवायझर-लाँच-टाइप ऑफ केलं असेल तर ते ऑटो करून रीस्टार्ट करा, मेमरी इंटिग्रिटीही परत चालू करा. अनइन्स्टॉलर या दोन्हींना हात लावत नाही.