हिवाळ्यात किंडर स्काउटची फेरी: या चुका टाळा

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटची उंची ६३६ मीटर. ही सिंहगडाच्या निम्मीही नाही, आणि सह्याद्रीत पाय मुरलेला माणूस नेमका याच आकड्याला फसतो. चढ सोपाच आहे. खरी अडचण वर पोहोचल्यावर सुरू होते: काळ्या, ओल्या पीटचं (कुजक्या वनस्पतींच्या दलदली मातीचं) मैलोन्‌मैल सपाट पठार, त्यात पाण्याने कापलेल्या पुरुषभर खोल घळी, आणि झाड किंवा भिंतीचा आडोसा जवळपास कुठेच नाही. या घळींना तिथे ‘ग्रफ’ म्हणतात.

इथे विचार केलाय तो नेहमीच्या दक्षिणेकडच्या फेरीचा. ईडेल स्टेशन, अप्पर बूथ, जेकब्स लॅडर, स्वाइन्स बॅक, मग कड्याच्या धारेने नो स्टूल, वूलपॅक्स, क्राउडन टॉवर, ग्राइंड्सलो नोल आणि परत ईडेल. एकूण १३-१४ किलोमीटर, चढ सुमारे ४५० मीटर.

घड्याळाचा हिशेब न करणं

डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. डोंगरात लागणारा वेळ काढायचा नेस्मिथचा नियम असा: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला १ तास. त्याप्रमाणे या फेरीला साडेतीन तास लागतात. बर्फ आणि चिखल असेल तर त्यात निम्मा वेळ वाढवा, खाणं आणि नकाशा पाहणं यासाठी पाऊण तास धरा. झाले सहा तास. म्हणजे नऊला निघालात तर तीनला खाली. अकराच्या गाडीने उतरणाऱ्याची शेवटची उतरण अंधारातच होणार. बारापर्यंत स्वाइन्स बॅक गाठता आलं नाही, तर आल्या वाटेने जेकब्स लॅडर उतरावं. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र हवा. एका टॉर्चवर चौघांनी बर्फाळ पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे.

बर्फातल्या पावलांमागे जाणं

या फेरीवर वाट चुकण्याचं हे मुख्य कारण. जेकब्स लॅडरची वाट ‘पेनाइन वे’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा भाग आहे, त्यामुळे बरीच पावलं स्वाइन्स बॅकवरून ईडेल रॉक्स आणि ‘किंडर लो’ या माथ्याकडे चढतात आणि तिथून उत्तरेला किंडर डाउनफॉल धबधब्याच्या दिशेने निघून जातात. तुम्हाला मात्र पूर्वेला वळायचं असतं. धुक्यात त्या पावलांमागे गेलात तर डोंगराच्या पश्चिम अंगाला, हेफील्डच्या बाजूला उतराल, आणि तुमची गाडी किंवा ट्रेन राहील डोंगरापलीकडे. म्हणून हवा खराब असेल तर ‘किंडर लो’वरच्या सर्वेक्षणाच्या खांबापर्यंत जायचा मोह सोडा. स्वाइन्स बॅकपाशीच उजवा फाटा धरून नो स्टूलकडे निघा. त्यापुढे दरीचा उतार कायम उजव्या हाताला राहिला पाहिजे. उतार डावीकडे आला किंवा दोन्हीकडे सपाटी दिसू लागली, तर थांबा.

थांबल्यावर घोळका फुटू देऊ नका. शेवटची खात्रीची जागा कोणती होती ते नकाशावर ठरवा आणि तिथपर्यंत परत जा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा, क्रमांक ओएल १, प्रमाण १:२५,०००. फोन थंडीत अचानक बंद पडतो, त्यामुळे कागदी नकाशा हवाच. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. होकायंत्र मात्र त्याच खिशात नको. फोनमधल्या आणि कव्हरमधल्या चुंबकांमुळे सुई उलटी होऊ शकते, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवू लागतं. निघताना स्टेशनवरच सुई तपासा.

मधून आडवं जाणं

नकाशावर धार वळसा घेताना दिसते, म्हणून पठार कापून जायचा मोह होतो. तसं करू नका. प्रत्येक ग्रफमध्ये उतरताना आणि चढताना दिशा थोडी सरकते, आणि पाच-सहा घळींनंतर आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. शिवाय पीट वाचवण्यासाठी अनेक घळींत दगडांचे आणि लाकडाचे बांध घातले आहेत. त्यांच्यामागे पाणी साचतं, वर पातळ बर्फ धरतो, त्यावर हिम पडतं. वरून सगळं सपाट दिसतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. घळ ओलांडावीच लागली तर आधी पलीकडच्या काठावर दगड किंवा गवताचा झुबका हेरा, काठीने तळ चाचपा, आणि वर आल्यावर त्याच खुणेवर परत या.

सुती कपडे आणि एकच मोज्यांचा जोड

गावात ३ अंश असेल तर वर ० अंश धरा. ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात ते अंगाला उणे ७ सारखं लागतं. जीन्स आणि सुती बनियन एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि पँट. गेटर्स (बूट आणि पोटरी झाकणारी आवरणं), दोन जोड हातमोजे, मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. चढताना थोडी थंडी वाजू द्या. घामाने भिजलेला माणूस वर थांबला की लगेच गारठतो.

कुणी अडखळू लागला, जीभ जड झाली, हातमोजे घालता येईनात, तर ती नुसती दमणूक समजू नका. वाऱ्याआड बसवा, खाली सॅक किंवा चटई द्या, ओले कपडे बदला, गरम गोड पेय पाजा. दारू अजिबात नको. थरथर थांबली आणि माणूस तरीही सुस्तच राहिला, तर प्रकृती बिघडते आहे. मदत मागवा.

उतरायला ग्राइंड्सब्रुक निवडणं

ग्राइंड्सब्रुक म्हणजे पठारावरून ओढ्याकाठाने ईडेलला उतरणारी वाट. उन्हाळ्यात ती सुंदर आहे. हिवाळ्यात तिच्या वरच्या टप्प्यात ओढ्यातल्या शिळांवर काचेसारखा बर्फ धरतो आणि घसरलात तर खाली दगडच दगड. क्राउडन क्लफ या घळीच्या माथ्याचंही तेच. ग्राइंड्सलो नोलची वाट तीव्र आहे, पण गवताची आहे. बूटांवर मायक्रोस्पाइक्स (बर्फात पकड देणारे छोटे खिळे) चढवायचे ते घसरायच्या आधी, सपाटीवर उभं असताना.

मदत कशी मागायची ते न ठरवणं

९९९ हा ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर लावा, आधी पोलीस मागा आणि मग त्यांना माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) सांगा. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटीतला तुमच्या जागेचा क्रमांक), किती जण, काय झालं, हे कागदावर लिहूनच बोला. एसएमएसने ९९९ गाठायचं असेल तर आधी नोंदणी लागते: घरूनच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवा. रेंज नसेल तर शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. ते ऐकू आल्यावरही तुमचा इशारा चालूच ठेवा, कारण शोधणाऱ्यांना आवाजाची दिशा पकडायची असते.