मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, पॅच: घरात आल्यावर काय करायचं

मॉर्फिनचं पाकीट हातात पडलं की घरचे पहिला प्रश्न हमखास विचारतात, "सिस्टर, याची सवय तर नाही ना लागणार?" प्रश्न विचारणाऱ्या वहिनींच्या मागे फ्रिजवर औषधांचा डबा असतो. त्यात गावातल्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी दिलेली झोपेची गोळी असते आणि ती रोज रात्री चालू असते. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सातारा-कोरेगाव भागात मी घरोघर जाऊन दुखण्याच्या पेशंटची काळजी घेते. या औषधांना लोक घाबरतात, पण नको तिथे घाबरतात, आणि जिथे घाबरायला हवं तिथे बिनधास्त असतात. म्हणून घरी जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी आपल्या डब्यात काय आहे ते बघा. ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी), ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच ही सगळी एकाच घराण्यातली, अफूच्या वळणाची औषधं. पाकिटावरचं कंपनीचं मोठ्ठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. लाल चौकटीतली सूचना किंवा कोपऱ्यात लाल अक्षरात 'एनआरएक्स' दिसलं, तर हे साधं दुखण्याचं औषध नाही असं समजा. ट्रॅमाडॉल पूर्वी मेडिकलमध्ये सहज मिळायचं. २०१८ साली तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, वहीत नाव लिहितो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. तो त्याचं काम करतो आहे.

मॉर्फिन मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या त्याच अमली पदार्थांच्या कायद्याची धास्ती एवढी होती की पुष्कळ दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी विचारत फिरावं लागतंच. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि आमच्याकडचा तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट रात्रभर तळमळत बसतो. याचा मला अजूनही राग येतो. असो. तुम्ही एवढंच करा: मोठ्या रुग्णालयात 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग कुठे आहे ते विचारा, पेशंटची फाइल आणि मूळ चिठ्ठी सोबत न्या, आणि चार-पाच दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणायला निघा. शनिवारी संध्याकाळी पाकीट संपलं तर सोमवारपर्यंत हाल होतात.

गोळी सुरू करण्याआधी एक दोनशे पानी वही आणा. तारीख, वेळ, कोणती गोळी, किती, कुणी दिली, एवढे रकाने पाडा. आणि गोळी देणारा माणूस एकच ठरवा. एका घरात सून सहा वाजता गोळी देऊन शेतावर गेली. पुण्याहून आलेल्या लेकीनं साडेसहाला "अप्पांना अजून गोळी दिली नाही वाटतं" म्हणून दुसरी दिली. अप्पा दिवसभर गुंगीत होते. थोडक्यात निभावलं. वहीत एक ओळ लिहिलेली असती तर तेही झालं नसतं.

आता वेळा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा अशा वेळा ठरतात. मध्यरात्री उठवायला नको म्हणून रात्रीची मात्रा कधीकधी डॉक्टर वाढवून देतात. तो निर्णय त्यांचा. कॅन्सरचं दुखणं चोवीस तासांचं असतं, त्यामुळे "सहन होईना झालं की देऊ" असं करू नका. दुखणं एकदा चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. मधेच कळ आली तर द्यायची जादा मात्रा चिठ्ठीवर वेगळी लिहून घ्या. ती सहसा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्शाएवढी असते, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १० ची एक गोळी. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा जादा गोळी लागली तर वही घेऊन डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनानं नेहमीची मात्रा वाढवू नका. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

हे सगळं कॅन्सरच्या दुखण्याचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाड मोडलं, म्हणून ट्रॅमाडॉल मिळालं असेल तर हिशेब उलटा आहे. तिथे कमीत कमी, तेही थोडे दिवस, आणि दुखणं उतरलं की डॉक्टरांना विचारून बंद. वर्षानुवर्षांची पाठदुखी आणि गुडघेदुखी यांसाठी महिनोन्महिने चालवायची ही औषधं नाहीत. "मागच्या वेळी फार बरं वाटलं होतं" म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणणारे मला माहीत आहेत. सवय लागते ती अशी.

आमच्याकडे तंबाखू-चुन्यानं तोंड गेलेले पेशंट बरेच. त्यांना नळीनं भरवावं लागतं. मॉर्फिनची साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, नंतर थोडं पाणी सोडायचं. पण पाकिटावर 'एसआर' असं लिहिलेलं असेल, म्हणजे बारा तास हळूहळू सुटणारी गोळी असेल, तर ती कुटायची नाही, चावायची नाही, मोडायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात गेलं तर जीव जाऊ शकतो. नळी आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा.

बद्धकोष्ठता होणारच, हे गृहीत धरा. मळमळ होते, ती तीन-चार दिवसांत जाते. गुंगीही ओसरते. पोटाची तक्रार मात्र गोळी चालू आहे तोवर राहते. म्हणून पोट साफ होण्याची गोळी, सेन्ना किंवा बिसाकोडिल, मॉर्फिनसोबत पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि इथे आपल्या घरांतला लाडका उपाय आड येतो: इसबगोल. इसबगोल पाणी शोषून फुगतं. पेशंट दिवसाला जेमतेम दोन-तीन भांडी पाणी पितो, त्याची आतडी या औषधानं मंदावलेली, त्यात हा फुगलेला गोळा जाऊन बसतो. एका आजींना नातवानं प्रेमानं रोज दोन चमचे दिलं होतं. शेवटी दवाखान्यात नेऊन एनिमा द्यावा लागला. तीन दिवस संडासला झाली नाही तर कळवा, आठवडाभर वाट बघू नका. पोट फुगून उलट्या होत असतील तर पोट साफ होण्याची गोळी न देता लगेच कळवा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली झोप बघून घरचे घाबरतात. कित्येक रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच. हाक मारून बघा. डोळे उघडून दोन शब्द बोलला, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला, तर झोपू द्या. हाका मारून, खांदा हलवूनही जागा होत नसेल, घशातून घरघर किंवा कधी नव्हे ते घोरणं येत असेल, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास मोजले जात असतील, ओठ निळसर आणि बुबुळाच्या मधला काळा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा झाला असेल, तर ती झोप नाही. अंगावर पॅच असेल तर काढा. १०८ ला फोन करा. माणसाला कुशीवर वळवा. श्वास थांबलाच तर फोनवरून सांगतील तसं करत राहा. तोंडात चहा, लिंबूपाणी, मिठाचं पाणी काहीही घालू नका. वही आणि पाकीट सोबत घ्या. दवाखान्यात या औषधांचा असर तोडणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतात आणि माणूस बऱ्याचदा काही मिनिटांत डोळे उघडतो. मग नातेवाईक म्हणतात, "झालं बरं, घरी नेतो." नेऊ नका. त्या इंजेक्शनचा असर लवकर सरतो, आणि आधीचं औषध अंगात असतं. माणूस पुन्हा गुंगीत जातो. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.

हे घडतं ते बहुतेकदा जोडीला आणखी काही पोटात गेल्यामुळे. म्हणून तो फ्रिजवरचा डबा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं प्रेगाबालिन, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, आणि दारू. यातलं प्रत्येक श्वास मंद करतं. डॉक्टर कधी यातलं एखादं विचार करून, कमी मात्रेत सोबत देतातही. पण त्यांना ते चालू आहे हे माहीत तर पाहिजे. सगळी पाकिटं पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता. झोपेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तीही परस्पर एकदम तोडू नका. दारूच्या बाबतीत पेशंटसमोर बायकोला विचारलं की उत्तर येत नाही. मी चहा करायच्या निमित्तानं आत जाते आणि विचारते.

ट्रॅमाडॉलच्या दोन खोड्या वेगळ्या. त्यानं फिट येऊ शकते, म्हणून आधी कधी फिट आली असेल तर सांगा. नैराश्याच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही: घाम, थरथर, ताप, बेचैनी सुरू होते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, पंचाहत्तरीपुढच्या माणसाला ३०० च्या. ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असतं. वरून तापाची गोळी दिली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं आणि लिव्हरवर येतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं. उलट्या-जुलाब होऊन लघवी कमी झाली, हातापायांना झटके यायला लागले, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा. बारा वर्षांखालच्या मुलाला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कोडीन नको.

पॅचबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तो दिसतो अगदी निरुपद्रवी. फेंटानिलचा पॅच ७२ तासांचा, ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा. आधी या जातीचं औषध कधीच न घेतलेल्या माणसाला फेंटानिलचा पॅच लावत नाहीत, म्हणून शेजारच्यांचा उरलेला पॅच आपल्या कंबरेवर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. छातीवर, पाठीवर किंवा दंडावर कोरड्या, सपाट जागी लावा. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तरा नको. जागा नुसत्या पाण्यानं धुवा, साबण-तेल नको, आणि पॅच तळव्यानं अर्धा मिनिट दाबून धरा. वर पेनानं तारीख-वेळ लिहा. जुना काढल्याशिवाय नवा लावू नका आणि जागा बदला. पॅच कापून अर्धा करायचा नाही. असर चढायला बारा तास किंवा जास्त लागतात, काढल्यावरही जवळजवळ दिवसभर तो उतरत असतो. त्यामुळे "लावून दोन तास झाले, काही फरक नाही" म्हणून दुसरा लावू नका.

आणि शेक. आपल्याकडे दुखलं की शेक देतात, हॉट वॉटर बॅग नाहीतर तव्यावर गरम केलेलं फडकं. पॅचवर किंवा पॅचच्या आसपास शेक लागला की औषध भराभर अंगात जातं. थंडीत चुलीशी पाठ करून बसणं, कडकडीत पाण्याची आंघोळ, उन्हात बाज टाकून पडणं, सगळ्यांचा परिणाम तोच. ताप चढला तरी तेच होतं, म्हणून पॅच असताना ताप आला तर लगेच कळवा.

नातवंडं आजोबांच्या कुशीत झोपतात. सुटलेला पॅच पोराच्या अंगाला चिकटला तर पोराचा जीव जाऊ शकतो. रोज सकाळ-संध्याकाळ पॅच जागेवर आहे का ते हातानं चाचपून बघा. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरलेलं असतं, तो चिकट बाजू आत करून मिटा आणि उकिरड्यावर फेकू नका.

सवयीचं उत्तर आता देते. बरेच दिवस औषध घेतल्यावर ते अचानक तोडलं तर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब होतात. हे कुणालाही होईल, शरीर सरावलेलं असतं. म्हणून कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानं, पायरीपायरीनं. व्यसन निराळं. दुखत नसतानाही गोळी हवी वाटणं, लपवून ठेवणं, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणणं, महिन्याचं पाकीट वीस दिवसांत संपणं, ही त्याची लक्षणं. घड्याळ बघून मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ती क्वचितच दिसतात. घरातल्या तरण्या पोरात दिसली तर भांडण काढण्याआधी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर बोला.

म्हणूनच गोळ्या कुलपात. देवघराच्या फळीवर नको, उशीखाली नको. कपाटाची किल्ली गोळी देणाऱ्याकडे, आणि आठवड्यातून एकदा मोजून आकडा वहीत. पेशंटनं बाईक, ट्रॅक्टर चालवायचा नाही, निदान मात्रा बसेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

पेशंट गेल्यावर दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत पाकीट तसंच राहतं, आणि कुणीतरी म्हणतं, "आपल्या तात्यांचीही कंबर दुखते, वाया कशाला घालवायचं?" तात्यांना देऊ नका. उरलेल्या गोळ्या आणि पॅच जिथून आणले त्या केंद्रात परत करा. मोजून द्या, त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या. फाइल आणि वही सोबत न्या, म्हणजे आकडा जुळवायला वेळ लागत नाही.