ऊन पत्र्याला, सावली पाल्याला

पावसाळ्यात लावलेली तुळस आता मंजिऱ्यांवर आली आहे. काळमेघालाही, म्हणजे कोकणातल्या ओल्या किराईताला, फुलं धरू लागली आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत या दोन्ही पिकांची कापणी चालेल. शेतात उत्तम दिसणारा माल वाळवणीत बिघडतो, हे दर हंगामात दिसतं.

पहिल्या वर्षी मी तुळशीचा पाला अंगणात ताडपत्रीवर पसरला होता. दोन दिवस कडक ऊन मिळालं म्हणून खुशीत होतो. तिसऱ्या रात्री दव पडलं. सकाळी पाला काळवंडलेला, हातावर चोळला तर वास जेमतेम. व्यापाऱ्याने पोत्यात हात घालून पाहिलं आणि भाव न सांगताच निघून गेला.

दवाने नुकसान केलं खरं, पण त्याआधी उन्हाने केलं होतं. तुळशीचा वास ज्या तेलामुळे येतो ते उडून जाणारं आहे, आणि थेट उन्हात पानाचा हिरवा रंगही विटतो. म्हणून जुनी माणसं औषधी पाला सावलीत वाळवायची. त्यांचं बरोबरच होतं, फक्त दमट हवेत सावलीतला पाला आठवडाभर ओलसर राहतो आणि बुरशी धरतो. उन्हाची ऊब घ्यायची आणि ऊन पानावर पडू द्यायचं नाही, अशी सोय सोलर ड्रायर करतो. मात्र काचेच्या पेटीत पाला ठेवून वरून ऊन देणारा ड्रायर तुळशीसाठी घेऊ नका. हवा एका बाजूला तापते आणि माल बंद कपाटात अंधारात असतो, असा प्रकार निवडा. पॉलिथिनचा टनेल ड्रायर, म्हणजे बोगद्यासारखा, आधीच असेल तर आत ट्रेच्या वर शेडनेट ताणा.

पाला वाळतो तो कोरड्या, खेळत्या हवेने. ३० अंश तापमानाची, ६० टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण २७ टक्क्यांवर येते. हवेत पाणी तेवढंच असतं, पण आणखी पाणी ओढून घेण्याची तिची ताकद कितीतरी वाढते. ही हवा पाणी घेऊन बाहेर पडली नाही तर कपाटाचं मोदकपात्र होतं. घरगुती ड्रायर फसलेले मी पाहिले, त्यांत बहुतेक ठिकाणी आत उष्णता भरपूर होती आणि वर हवेला वाटच नव्हती.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रायर करून घेता येतो. हवा तापवणाऱ्या पत्र्याला चकाकी नसलेला काळा रंग द्या, वर काच किंवा उन्हात टिकणारं २०० मायक्रॉनचं यूव्ही पॉलिथिन, मध्ये हवेसाठी चार बोटं जागा. तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून पत्रा ३० अंशांच्या आसपास कलता हवा. त्यासाठी कोनमापक नको. दहा फूट लांब पत्र्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा पाच फूट उंच ठेवलं की ३० अंश झाले. खालच्या तोंडाला जाळी, वरच्या टोकाला कपाट, कपाटावर काळी चिमणी. जमल्यास १० ते २० वॉटच्या सोलर पॅनेलवर चालणारा छोटा डीसी पंखा लावा. बॅटरी लागत नाही. ऊन वाढलं की पंखाही जोरात फिरतो, आणि तेव्हाच तो हवा असतो.

ट्रेला स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकची जाळी वापरा. पुढे याच ट्रेवर आवळा वाळवणार असाल तर साधी लोखंडी जाळी अजिबात नको; आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की फोडी काळ्या पडतात.

परतीचा पाऊस पूर्ण गेल्याशिवाय विळा लावू नका. चार दिवस आधी पाणी तोडा. सकाळचं दव उडाल्यावर, दहाच्या सुमारास कापणी सुरू करा आणि कापलेला माल ढिगात ठेवू नका. काही तासांत ढीग आतून तापतो आणि पानं तिथेच काळी पडू लागतात. आमच्याकडे द्वादशीला तुळशीला कोणी हात लावत नाही. मजूर सांगायच्या आधी पंचांग पाहून ठेवा, नाहीतर दिवस फुकट जातो. ऐन कापणीत मळभ आलं तर कापणी थांबवा, आणि कापलेला पाला छपराखाली पातळ पसरून पंखा लावा.

ट्रेवर चौरस मीटरला दीड-दोन किलोपेक्षा जास्त पाला नको. जाड दांडे वेगळे काढा, ते सावकाश वाळतात आणि पानांना ओल देत राहतात. ट्रेच्या पातळीवर थर्मामीटर ठेवा. तुळशीला ४० अंशांच्या आसपास पुरे, ४५ च्या वर गेलं तर हवेची वाट मोठी करा. काळमेघाला थोडं जास्त चालतं. मावळतीला ड्रायरची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर दिवसभर बाहेर काढलेलं पाणी रात्री परत आत येतं. स्वच्छ ऊन असेल तर पातळ थर साधारण दोन दिवसांत वाळतो.

वाळला की नाही, हे वजनाने ठरवा. ताज्या पाल्यात ८० टक्के पाणी धरलं तर १०० किलोतून १० टक्के ओलाव्याचा जेमतेम २२ किलो माल हाती येतो. भाव ठरवतानाही हा हिशोब डोक्यात असू द्या. एका ट्रेवर बरोबर एक किलो पाला ठेवून खूण करा. तो सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास आला आणि तासाभराने पुन्हा तेवढाच भरला की काम झालं. पान मुठीत चुरतं, काडी कडकन मोडते.

माल सावलीत गार करून दुपारीच भरा, संध्याकाळवर टाकू नका. गरम माल भरला तर पिशवीला आतून घाम सुटतो. आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर नवं पोतं. खताचं किंवा औषधाचं रिकामं पोतं कितीही धुतलं तरी नको. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. प्रत्येकावर कापणीची तारीख, शेताचा गट आणि झाडाचा कोणता भाग ते लिहा. औषध कंपन्या आम्लात न विरघळणारी राख तपासतात, म्हणजे मालातली माती-वाळू. रस्त्यावर किंवा खळ्यावर वाळवलेला माल तिथे अडकतो, ट्रेवरच्या मालाला ती भीती फारशी नाही.

गुळवेल याच ड्रायरमध्ये घालायची तर वरची पातळ साल खरवडा, बोटभर तुकडे करा आणि ते उभे चिरा. अख्ख्या तुकड्यातून पाणी सालीमुळे बाहेर येत नाही. जानेवारीपासून अश्वगंधाची मुळं निघतील. ती धुऊन, तुकडे करून ५५ अंशांपर्यंत वाळवता येतात. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत मुळाची जाडी आणि आतला पांढरेपणा पाहून भाव लागतो. मुळं घालण्याआधी ट्रे सोड्याच्या गरम पाण्याने घासून उन्हात तापवा. तुळशीचा वास जाळीत बसतो आणि अश्वगंधाला लागतो.