जुनी मियाटा रेसला उतरवताय? या चुका टाळा

माझदाची मियाटा ही छोटी, उघड्या टपाची दोन सीटची गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांना पहिल्यांदा दिसली, म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडलीय. तरी अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) किंवा नासाच्या (अंतराळवाली नव्हे, हौशी रेसिंगवाली) रेसच्या वीकेंडला गेलात तर स्पेक मियाटाची, म्हणजे फक्त मियाटांच्या क्लासची, ग्रिड (सुरुवातीची रांग) भरलेली दिसते. या क्लासात १९९० ची १.६ लिटरची गाडी आणि १९९९ ची १.८ ची एकत्र पळतात. कंपनीतून निघताना पहिलीला ११६ हॉर्सपॉवर आणि दुसरीला १४०, आणि हे अंतर नियमवाले वजन आणि रिस्ट्रिक्टर प्लेटने (इंजिनात जाणारी हवा रोखणारी पट्टी) कमी करतात. भारतात ही गाडी कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे आपली बरीच मंडळी इकडे अमेरिकेत नोकरीला आल्यावरच तिच्या नादाला लागतात, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून तर थंडरहिल आणि लागुना सेका या दोन्ही ट्रॅककडे पहाटे निघून सकाळच्या सेशनला पोचता येतं.

आणि मग पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर गाड्या उभ्या करून काम करायची जागा) एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपली १.६ आहे ना, म्हणून मागे पडतो." मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा गाडी मागे पडते ती झिजलेल्या रबरामुळे, सैल बेअरिंगमुळे, चुकीच्या वेळी आवळलेल्या बोल्टमुळे, आणि हे सगळं इंजिनाला हात न लावता दुरुस्त होतं.

आधी पॉवरच्या मागे लागणं

इंटेक बदलू, एक्झॉस्ट बदलू, असं सगळ्यांच्याच डोक्यात पहिल्यांदा येतं. एक तर यातलं बरंचसं नियमात बसत नाही, आणि बसलं तरी आहे ती ताकद पूर्ण मिळतेय का हे न बघता वर पैसे घालण्यात काय अर्थ आहे? आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं) करा, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर उत्तर तिथेच मिळालं. १.६ मध्ये हवा मोजायला फ्लॅपवाला मीटर असतो आणि तिथून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाइप इतक्या वर्षांत घड्यांमध्ये चिरतो, वरून बघितलं तर धड दिसतो पण इंजिन हललं की चीर उघडते आणि न मोजलेली हवा आत जाते, मग मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि गाडी ओढत नाही. पाइप काढून हाताने वाकवून बघा. इग्निशन टायमिंगही तपासून घ्या, बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टेन (TEN) आणि ग्राउंड (GND) हे दोन टर्मिनल वायरने जोडून टायमिंग लाइट मारायचा, कंपनीचा आकडा १० डिग्री आहे. टेन-ग्राउंड न जोडता मोजलेलं टायमिंग धरूच नका, कारण तेव्हा कॉम्प्युटर स्वतः ते मागेपुढे करत असतो.

बुश हवेत आवळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण माणूस एवढी मेहनत करतो, सगळे बुश नवे घालतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळं घालवतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुशमधला रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्का चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी जॅकस्टँडवर आहे, चाकं खाली लोंबतायत आणि त्याच अवस्थेत तुम्ही बोल्ट फायनल टॉर्कला आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. मग उंची चुकते, चार कोपरे चार तऱ्हेने वागतात, आणि रबर काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी नुसते हाताने बसवा, गाडी रॅम्पवर घेऊन पूर्ण वजन चाकांवर आणा, थोडी दाबून हलवा, आणि मगच टॉर्क रेंच लावा.

याच कामात अलाइनमेंटचे एक्सेंट्रिक बोल्टसुद्धा (फिरवून चाकाचा कोन बदलायचे बोल्ट) बघून घ्या. बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत ते बुशच्या नळीत गंजून बसलेले असतात, जोर लावला तर तुटतात, अशा वेळी कापून नवे घालणं परवडतं. नवे घालताना अँटी-सीझ लावा आणि सेटिंग झाल्यावर वॉशर आणि बॉडी यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ मारा, कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) चाक आपटल्यावर बोल्ट सरकलाय का हे मग नुसत्या नजरेने कळतं. गाडी अचानक एका बाजूला चांगली वळते आणि दुसऱ्या बाजूला नाही असं झालं की आधी ही रेघ बघायची, शॉकअपला शिव्या द्यायच्या नंतर.

कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन मोजून जुळवणं) करताना ड्रायव्हर गाडीत हवा, निदान त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर हव्यात. हजार किलोच्या गाडीत ८० किलोचा माणूस डाव्या बाजूला बसतो, ही काही छोटी गोष्ट नाही. अँटीरोल बारच्या लिंक सोडून मोजा, पेट्रोल रेसला असतं तेवढंच ठेवा, आणि क्रॉस वेट (समोरासमोरच्या तिरप्या दोन चाकांवरचं वजन) एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या जवळ आणा.

पेडल खाली जातंय म्हणून नुसतं ब्रेक ऑइल बदलत बसणं

याचं निदान नीट करायला शिका, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. वेगवान वळणानंतर पहिल्यांदा दाबल्यावर पेडल लांब जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की कडक लागतं, असं असेल तर ऑइलचा दोष असण्याची शक्यता कमी, हब बघा. पुढच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंगला प्ले आला, म्हणजे ते सैल झालं, की वळणात डिस्क तिरकी होते आणि कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलते, मग ते अंतर भरून काढण्यात पहिलं दाबणं वाया जातं. याउलट पेडल सतत स्पंजसारखं लागत असेल, कितीही वेळा दाबलं तरी, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल उकळलंय. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० डिग्री असतो आणि ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणून अर्धी उरलेली जुनी बाटली "आहे ना घरात" म्हणून वापरू नका.

मियाटाचा पुढचा हब बेअरिंगसकट एकच युनिट असतो, रेसिंगचे चिकट टायर आणि कर्ब यांनी तो रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर संपतो आणि तुटला तर चाकासकट निघून जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक इव्हेंटच्या आधी चाक वर-खाली धरून हलवायचं, हाताने फिरवून खरखर ऐकायची, आणि एक नवा हब ट्रेलरमध्ये ठेवायचाच. यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालतो, तो कितीही जवळचा असला तरी.

कूलिंग

या इंजिनाचं घराणं माझदा ३२३ चं, त्या गाडीत ते आडवं बसायचं. मियाटात उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला, त्यामुळे पाण्याचा प्रवाह मागच्या, चौथ्या सिलिंडरपर्यंत तितकासा जोरात पोचत नाही. पाण्याचा रस्ता बदलायचं किट मिळतं पण तुमच्या क्लासात चालतं का ते रूलबुकात बघून मगच घ्या.

मात्र त्याआधी गाडीखालचा प्लास्टिकचा ट्रे आहे का ते बघा! ऑइल बदलताना कटकट होते म्हणून लोक काढतात आणि परत लावतच नाहीत, मग हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निघून जाते. रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोमने बुजवा. गाडी ग्रिडवर उभी असताना तापत असेल तर फॅन किंवा थर्मोस्टॅट, सरळ रस्त्यावर वेगात तापत असेल तर हवेचा रस्ता, तुंबलेला रेडिएटर किंवा हेड गॅस्केट, असा साधारण हिशोब धरा. बऱ्याच ट्रॅकवर कूलंट सांडून घसरण नको म्हणून नुसतं पाणी भरायला सांगतात, ते ठीकच, पण थंडीत गाडी बर्फाळ भागात ठेवणार असाल तर ते काढून टाका नाहीतर ब्लॉक फुटेल.

वजन वाचवायला टाकी रिकामी ठेवणं

हे गणित मोहात पाडतं, एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, मग दहा लिटर कमी भरलं की साडेसात किलो वाचले. पण टाकी खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, आणि वळणातून बाहेर पडताना ऐन वेळी गाडी मिसिंग करते, लोक मग प्लग आणि कॉइल बदलत बसतात. शिवाय रेस संपल्यावर गाडी ड्रायव्हरसकट काट्यावर जाते आणि तिथे कमी भरली तर निकालातून बाहेर. रेसमध्ये किती लिटर जातं ते लिहून ठेवा आणि शेवटच्या लॅपनंतरही वजन बसेल असं भरा.

टायरबद्दल फार लिहीत नाही, नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं, दर वेळी तापून-थंड होऊन रबर कडक होतं आणि वेळ गमावला जातो. प्रेशर गाडी आत आल्या आल्या मोजा, गप्पा मारून झाल्यावर मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. आणि एका सेशनला एकच गोष्ट बदला, प्रेशर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि अँटीरोल बार तिन्ही एकदम बदलले तर वेळ सुधारली तरी कशाने सुधारली हे कोण सांगणार.

चालवण्याबाबत एवढंच, की हलक्या गाडीत गेलेला वेग परत मिळायला फार वेळ लागतो. लागुना सेकाला सहाव्या वळणानंतर कॉर्कस्क्रूपर्यंत सरळ चढ आहे, तिथे वळणात शिरताना ब्रेक थोडा जास्त लागला तर अख्खा चढ तुम्ही त्याची किंमत मोजता. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागच्या हवेत राहा, सारख्या ताकदीच्या दोन गाड्या एकामागोमाग चिकटून एकट्या गाडीपेक्षा जोरात जातात, म्हणून पहिल्या लॅपला एकमेकांशी भांडून पुढची टोळी निसटू देऊ नका.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे, तिथे पुलीला जागेवर धरणाऱ्या चावीचं (धातूच्या छोट्या तुकड्याचं) घर झिजलं की पुली डुगडुगते, टायमिंग भटकतं आणि पॉवर हळूहळू जाते. बॉनेट उघडून क्रँकची पुली बघा, चार खाचा असतील तर आखूड टोकाचं, आठ असतील तर पुढचं सुधारलेलं. चारवाली दिसली तर गाडी लगेच सोडून देऊ नका, बऱ्याच नीट चालतात, पण किंमत त्या हिशोबाने करा आणि टायमिंग बेल्टसाठी पुली काढाल तेव्हा चावी आणि घर नीट तपासून, नवा बोल्ट घालून टॉर्क रेंचनेच आवळा.