रुग्णालयाच्या ग्रंथालयासाठी जर्नल निवडताना या चुका टाळा

इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना उतरत्या क्रमाने लावायचा आणि वरची वीस नावं उचलायची, ही सगळ्यांची लाडकी चूक. पाच मिनिटांत काम उरकतं, म्हणून ती काही केल्या मरत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात, तो आकडा. 2023 चा आकडा म्हणजे 2021 आणि 2022 मधल्या मजकुराला 2023 मध्ये मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतले शोधलेख आणि आढावालेख. संपादकीयाला मिळालेला संदर्भ वर मोजला जातो, पण खालच्या संख्येत संपादकीय धरत नाहीत. आढावालेख भरपूर छापले की आकडा फुगतो. कर्करोगाच्या जर्नलशेजारी नर्सिंगचं ठेवलं, तर नर्सिंगचं खाली जाणारच. वॉर्डातल्या सिस्टरना त्याच्याशी काय देणंघेणं? तुलना करायचीच तर एकाच विषयात करा. त्याआधी विभागांची यादी आणि बाहेरून मागवून दिलेल्या लेखांची नोंदवही उघडा. एकच नाव वर्षात पाच-सहा वेळा आलं, तर ते वर्गणीच्या रांगेत पहिलं.

दुसरी चूक महागात पडते. ‘डेटाबेसमध्ये फुल टेक्स्ट आहे’ एवढं वाचून अस्थिरोगाच्या जर्नलची वर्गणी बंद होते. महिन्याभरात निवासी डॉक्टर ताजा लेख मागायला येतो, आणि तेव्हा कळतं की डेटाबेसमध्ये 12 महिन्यांचा एम्बार्गो आहे, म्हणजे नवा लेख तिथे वर्षभर उशिरा येतो. जुने अंक तरी असतील म्हणावं, तर करारात कायमस्वरूपी प्रवेशाचं कलमच नव्हतं. पैसे मोजलेली वर्षंही गेली. म्हणून रद्द करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा: कुठल्या वर्षापासून, कुठपर्यंत, किती महिने मागे. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर अजिबात जाऊ नका.

जर्नल पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांचं मोफत शोधयंत्र) दिसतं म्हणजे ते मेडलाइनमध्ये (पारखून निवडलेल्या जर्नलांची सूची) आहे, असं नाही. पीएमसीत (पूर्ण लेखांचा मोफत संग्रह) जमा झालेले लेखही पबमेडमध्ये येतात. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाकून बघा. नावाने शोधू नका, एका शब्दाच्या फरकाची नकली जर्नलं ढिगाने आहेत.

विभागप्रमुखाने सुचवलं म्हणून घेतलं? आधी वाचणार कोण, ते विचारा.

वापर मोजताना काउंटर अहवालात (प्रकाशकाकडून मिळणारा ठरावीक नमुन्यातला वापराचा अहवाल) युनिक आयटम रिक्वेस्ट हा आकडा घ्या. टोटल घेतलात, तर एकाच लेखाचं एचटीएमएल आणि पीडीएफ दोनदा मोजलं जातं. वर्गणी 60,000 आणि युनिक वापर 12, म्हणजे लेखामागे 5,000. त्यापेक्षा सुटा लेख मागवलेला बरा. प्रवेश नाकारल्याचा अहवालही उघडा. न घेतलेल्या जर्नलवर किती जण धडकून परतले, ते तिथे दिसतं.