पेसाखची रात्र, देवाला मध्ये न घेता

माझं माहेर रास्ता पेठेतलं, बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. सासर सदाशिव पेठेतलं, देवघरवालं. मी स्वतः देव मानत नाही, पण पेसाखचा सेदेर काही सुटत नाही. पेसाख म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून ज्यू सुटले त्या गोष्टीचा सण, आणि सेदेर म्हणजे ती गोष्ट सांगत केलेलं त्या रात्रीचं जेवण. 'देव नाही तर मग करता तरी काय?' असं ओळखीचे विचारतात, म्हणून आमच्या कोथरूडच्या घरातली रीत इथे लिहून ठेवते.

आधी एक ठरवा. जे खरं वाटत नाही ते ताटासमोर बसून म्हणायचं नाही. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. शेरविन वाइन नावाच्या रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, १९६३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या उपनगरात, याच मुद्द्यावर बर्मिंगहॅम टेम्पल ही मंडळी उभी केली. रब्बी, आणि प्रार्थनेत देवाचं नावच नाही! व्हायचा तो गवगवा झाला. त्यांचं म्हणणं असं, की ज्यू असणं म्हणजे एका समाजाचा इतिहास, भाषा, सण, खाणंपिणं. ते माणसांनी घडवलं, तेव्हा माणसांना बदलताही येतं. आणि चांगलं वागायला वरून हुकूम यावा लागत नाही.

दिवस ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पौर्णिमेचा, मार्च-एप्रिलमध्ये येतो. आम्ही जवळची शनिवारची रात्र धरतो, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला ऑफिस नसतं. ज्यांना तिथीवर आणि पूर्ण प्रार्थनेसकट हवं आहे, त्यांच्यासाठी कॅम्पात लाल देऊळ आहे, रास्ता पेठेत सुक्काथ शलोमो आहे, दोन्ही ज्यूंची प्रार्थनास्थळं. तिथे जरूर जा. ही रीत त्यांच्यावर कुरघोडी करायला नाही.

आदल्या रात्री काळे मनुके भिजत घाला, सकाळी हाताने कुस्करून गाळा. हेच आपलं वाइनच्या जागचं सरबत. खजूर शिजवून, गाळून, चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. ताटात कडू काहीतरी लागतं, म्हणून मी कार्ल्याच्या कच्च्या चकत्या ठेवते. मंडईत बारा महिने मिळतात आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जुन्या रीतीने ताटात हाडही ठेवतात, त्याच्या जागी बीट चालतं. शेजारच्या शाकाहारी काकूही मग मोकळेपणाने बसतात. बाकी उकडलेलं अंडं, मिठाचं पाणी, कोथिंबीर.

बिनखमिराची भाकरी मात्र विकत आणू नका. जुना नियम असा, की पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. तवा आधी तापवून ठेवा आणि मुलांच्या हातात मोबाइलवरचं स्टॉपवॉच द्या. नियमाची भीती म्हणून नव्हे. पीठ फुगायची वाट न बघता घर सोडणाऱ्या माणसांची घाई हाताला कळते. पुण्यात १८७४ साली शिळाछापावर छापलेली हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे सेदेरला वाचायची पोथी, आहे, तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून हेच करताना दिसतात. ते चित्र छापून घ्या, ताटाजवळ ठेवा.

आता वाचायचं काय? जुन्या प्रार्थनेतला 'प्रभू' खोडून तिथे 'मानवता' लिहू नका. फार बेगडी वाटतं, आणि जुन्या शब्दांचाही अपमान होतो. आपलं नवं, छोटं लिहा. आमच्याकडे दिवे लावताना एवढंच म्हणतात: 'हा उजेड आपण लावला, तो सगळ्यांना पुरो.' हिब्रू गाणी गायची तर गाणी म्हणून गा, आणि गाण्याआधी तसं सांगा.

गोष्ट सांगताना मुलांना खरं सांगा. मिसरमधून लाखो लोक एकदम बाहेर पडल्याचा पुरावा उत्खननात सापडलेला नाही. मग ती का सांगायची? कारण गुलामी खरी होती, आणि आहे. आपल्या त्या हगादेच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आली; ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आम्ही ती अर्पणपत्रिका मोठ्याने वाचतो. ती वाचायला नेहमी नवा पाहुणा निवडा. मग गोष्टीत मिसरवर आलेली दहा संकटं, प्रत्येक संकटाला सरबताचा एक थेंब ताटलीत. शेवटच्या संकटापाशी, मिसरमधल्या घराघरातल्या पहिल्या मुलांच्या मरणापाशी, थांबा आणि वाद होऊ द्या. इथे जेवण थंड झालं तरी चालेल.

एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया; सेदेरला त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. हा नाजूक विषय. ज्याच्या नावाने आपल्यात पोह्यांचा मलिदा होतो, त्याला वगळायचं कसं? आईने मला स्पष्ट सांगितलं, 'बाकी काय हवं ते कर, पण हनाबीला दाराबाहेर ठेवू नको गं.' पेला आहे, दारही उघडतो. आई तिचं गाणं मनापासून म्हणते, आम्ही गप्प बसून ऐकतो. तिच्या घशाला कुलूप लावणारी मानवता मला नको.

बोलवायचं कुणाला? हवं त्याला, फक्त दारात वंशावळ विचारायची नाही. याबाबत मी हट्टी आहे. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलींच्या लग्नांआधी आज्या-पणज्यांची चौकशी लावली होती. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएली सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं जाहीर केलं. सेक्युलर मानवतावादी ज्यूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्ये ब्रसेल्सला ठरवलं, की ज्यू वंशाचा तो ज्यू आणि जो या समाजाचा इतिहास, संस्कृती, मूल्यं आपली म्हणतो तोही ज्यू. माझी मुलं अर्धी देशपांडे आहेत. त्यांना अर्धं ताट वाढत नाही.

शेवटी भाकरीचा लपवलेला तुकडा, आफिकोमान. ज्या मुलाला सापडेल ते पैसे मागेल. लगेच देऊ नका, घासाघीस करू द्या. मिळालेल्यातले निम्मे कुठे द्यायचे हे मुलांनी मतदानाने ठरवायचं, मोठ्यांना मत नाही. गेल्या खेपेला ते भटक्या मांजरांच्या ऑपरेशनला गेले. सासूबाईंना अजिबात पटलं नाही, पण ठराव मंजूर झाला होता.